सरळ रेघ नसलेलं छत

बुर्गल राइटमायरने सगळी नोकरी पाण्याच्या काठावर केली आणि तिला पोहता येत नव्हतं. हे कोणाला खटकलं नव्हतं. तिलाही नाही. ती ऑलिंपिक पार्कातल्या पोहण्याच्या हॉलमध्ये सफाईला होती, आणि सफाईचं काम पाण्याबाहेरच असतं. मी त्याच हॉलच्या तळघरात होतो, पंप आणि गाळण्यांवर. माझं नाव कोरबिनियान, ती कोरबी म्हणते. वर काय चाललंय ते मला दोन प्रकारे कळायचं. एक पाइपांच्या आवाजावरून आणि दुसरं बुर्गलकडून.

ती चाम नावाच्या गावाच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिकडे तळी भरपूर, पण ती माशांसाठी. तळ्यात उतरायचं ते हिवाळ्याच्या तोंडावर, पाणी सोडून दिल्यावर, चिखलात रुतून कार्प मासे गोळा करायला. मुलींनी पोहायचं असतं असं तिथे कोणाच्या मनात आलं नाही. ती तरुणपणीच म्युनिकला आली. आधी धुलाईखान्यात होती, मग हॉलमध्ये लागली. मधे लग्न केलं, ते टिकलं नाही. त्याबद्दल ती एकच वाक्य बोलते, "माणूस चांगला होता, पण सकाळी उठायचा नाही."

ती स्वतः उठायची. पहिला पोहणारा यायच्या आत हॉलची सगळी फरशी पुसून झालेली असायची. भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे येत पुसायची, म्हणजे पुसलेल्यावर पाय पडत नाही. मी कधी कधी वर येऊन बघायचो. ओला पट्टा टोकापासून टोकापर्यंत पट्टीने आखल्यासारखा सरळ. काम बघून मला फार थोड्या माणसांबद्दल आदर वाटला आहे. त्यात ती.

त्या हॉलवरचं छत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिरके रोवलेले उंच खांब, त्यांवरून सोडलेले पोलादी दोर आणि त्या दोरांवर ताणलेलं काचेसारखं छत. ते स्टेडियमवरून निघतं, कुठे वर चढतं, कुठे लवतं, आणि आमच्या पाण्यावर येऊन थांबतं. लोक त्याला तंबू म्हणतात, दव पडलेलं कोळ्याचं जाळं म्हणतात. बुर्गल म्हणायची, "चार जणींनी ओली चादर धरलीय आणि एकीचंही लक्ष नाही." तरी सुट्टीच्या वेळात ती काठावरच्या गरम बाकावर पाठ टेकून त्या चादरीकडेच बघत बसायची. बाक गरम ठेवणारा पाइप माझा होता, म्हणून मी तिला म्हणायचो, "बसायचं भाडं दे." ती म्हणायची, "आधी तुझे बूट पुस, कोरबी. मग भाडं माग."

ती निवृत्त झाली त्या दिवशी कर्मचाऱ्यांच्या खोलीत पांढरे सॉसेज, गोड मोहरी आणि प्रेट्झेल होते. पांढरे सॉसेज आमच्याकडे दुपारच्या आतच खातात, म्हणून समारंभ सकाळचाच. फेर्डल राउशेडर हा काठावरचा जीवरक्षक. छाती रुंद, आवाज त्याहून रुंद. त्याने बिअरचा ग्लास उचलला.

"आपल्या बुर्गलने या हॉलमधलं पाणी किती पुसलं असेल! आपण सगळ्यांनी मिळून तितकी बिअर प्यायलेली नाही. पण एक सांगतो, पाण्याला विचारा, ही कोण? पाणी म्हणेल, माहीत नाही बुवा. इतकी वर्षं शेजारी राहते, कधी घरी आली नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. बुर्गलने काटा खाली ठेवला.

"पुन्हा या दारातून येईन ती तिकीट काढून येईन," ती म्हणाली. "आणि पाण्यात उतरायला येईन. समुद्रघोडा मिळवीन, इथेच. ते जमेपर्यंत आत पाय ठेवणार नाही."

समुद्रघोडा म्हणजे नारिंगी कापडाचा बिल्ला. आमच्याकडे मुलं शाळेत जायच्या सुमाराला तो मिळवतात आणि आया तो पोहण्याच्या चड्डीवर शिवून देतात.

"म्हणजे आता आपली भेट स्वर्गातच," फेर्डल म्हणाला.

"तू तिकडे असशील असं तुला कोणी सांगितलं?"

आता हसू जास्त मोठं झालं, पण फेर्डलवर. गोष्ट तिथे संपायला हवी होती. बिअर पिताना माणसं काहीही बोलतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. पण बुर्गल बिअर पीत नाही.

पुढे मीही निवृत्त झालो. आम्ही एकाच वस्तीत राहतो, पार्कला लागून. रविवारी दोघं फिरायला जायचो. आधी टेकडी. महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडा टाकून टाकून ती टेकडी झालीय, आता वर गवत आहे आणि हिवाळ्यात पोरं घसरगाड्या घेऊन येतात. वर पोहोचलो की खाली सगळं छत एका नजरेत येतं. ऊन असेल तर डोळे दिपतात. दक्षिणेचा वारा असेल तर पलीकडे आल्प्स दिसतात, पण बुर्गल आल्प्सकडे पाठ करून उभी राहायची.

उतरताना जवळची वाट हॉलच्या दारावरून जाते. ती त्या वाटेने यायची नाही. हॉलसमोरच्या तळ्याला पूर्ण वळसा घालून जायची. गुडघे तिचे कधीचेच गेलेले, फरशीवर घासून घासून. तरी वळसा.

एकदा पावसात मी म्हणालो, "आत जाऊन नुसती कॉफी पिऊ. कॉफीला पोहावं लागत नाही."

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"सगळ्यांना. तूही होतास. सॉसेज खात होतास."

टेकडीवर एकदा एका परदेशी जोडप्याने आम्हाला फोटो काढायला सांगितला. फोटो काढून झाल्यावर बाईने त्या लवलेल्या छताकडे बोट दाखवून विचारलं, "त्याच्याखाली आत काय आहे?"

"पाणी," बुर्गल म्हणाली. मग कॅमेरा परत देताना, "स्वच्छ पाणी."

शिकायला तिने वस्तीतला छोटा तलाव धरला. हा बंदिस्त, चौकोनी, साधा. शिकवणारी इल्कनूर नावाची, आमच्या निम्म्याहून कमी वयाची, आमच्याच वस्तीत वाढलेली. तिचे आजोबा ऑलिंपिकच्या वेळी या पार्कात काँक्रीट ओतायला आले आणि मग मायदेशी परत गेलेच नाहीत. मी बुर्गलला पहिल्या दिवशी सोबत म्हणून गेलो आणि मग जातच राहिलो.

इल्कनूरने विचारलं, "तुम्हाला काय काय यायला हवंय, फ्राउ राइटमायर?"

"समुद्रघोडा."

"तो लहान मुलांचा असतो हो. मोठ्यांना बिल्ल्याची गरज नसते."

"नियमात वय लिहिलंय?"

इल्कनूरने विचार केला. "नाही."

"मग झालं तर."

बिल्ल्याला तीन गोष्टी लागतात. काठावरून पाण्यात उडी मारायची. कशालाही न धरता पंचवीस मीटर पोहायचं, पोटावर किंवा पाठीवर. आणि खांद्याइतक्या पाण्यात तळाशी टाकलेली रिंग हातांनी वर काढायची. पाच वर्षांचं पोर हे करतं. पाच वर्षांच्या पोराला बुडणं म्हणजे काय ते माहीत नसतं, हा त्याचा फायदा.

सगळ्यांत आधी डोकं पाण्याखाली घालणं आलं. एक पूर्ण महिना ते आलंच नाही. ती श्वास घ्यायची, वाकायची, नाकापर्यंत जायची आणि वर यायची. "पाणी कानात शिरलं की घरात चोर शिरल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. इल्कनूरने घाई केली नाही. मग एक दिवस बुर्गलला तळाशी एक केसांची गुंडाळी दिसली. काय वाटलं कोण जाणे, ती सरळ खाली गेली, गुंडाळी उचलली आणि वर येऊन म्हणाली, "इथे सफाईला कोण आहे?"

"फ्राउ राइटमायर," इल्कनूर म्हणाली, "तुम्ही आत्ता डोकं पाण्याखाली घातलंत."

"ते सोड. हे बघ केवढे केस!"

त्यानंतर रिंग अवघड राहिली नाही.

पोटावर पोहणं मात्र जमेना. बेडकासारखे पाय मारले की गुडघे ओरडायचे. म्हणून इल्कनूरने तिला पाठीवर घातलं. तिथे मला बोलायची संधी मिळाली. मी जन्मभर पाणी इकडून तिकडे ढकललंय.

"धडपड करू नकोस," मी काठावरून सांगायचो. "पाणी वर उडतंय. वर उडालेलं पाणी फुकट गेलं. तुला पायांच्या दिशेने ढकलायचंय."

"तू उतर ना पाण्यात."

"मला पोहता येतं."

"म्हणूनच म्हणते उतर. तोंड बंद राहील."

पण तिने ऐकलं. धडपड कमी झाली आणि जोर वाढला. धडपड कोणीही करतो. जोर कुठे लावायचा ते शिकावं लागतं, आणि शिकायला धडपडीपेक्षा जास्त ताकद लागते. पहिला हिवाळा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात तिला सर्दी झाली तेवढे दिवस सोडले तर शिकवणीचा एकही वार चुकला नाही.

पाठीवर पोहणाऱ्याला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही. त्या तलावाचं छत सपाट, लाकडी पट्ट्यांचं, पट्ट्या तलावाच्या लांबीला समांतर. इल्कनूर म्हणाली, एक पट्टी डोळ्यांनी धरा आणि तिच्याखालून जा. मीही तेच सांगितलं, "वर बघ, रेघ धर, हलू नकोस." बुर्गलने रेघ धरली. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी रुळावरून जावी तशी जायला लागली.

इल्कनूर खूश झाली. "आजच घेते परीक्षा. बिल्ला माझ्या कपाटात आहे."

"इथे नाही."

"बिल्ला तोच असतो हो. इथला काय आणि तिथला काय."

"बिल्ला तोच," बुर्गल म्हणाली. "पाणी ते नाही."

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी आम्ही हॉलच्या दाराशी उभे राहिलो. तळ्यावर पातळ धुकं होतं. बुर्गलने खिडकीवर तिकीट काढलं. खिडकीतली बाई नवी, तिला काही माहीत नव्हतं. तिने नेहमीसारखं विचारलं, "किती वेळासाठी?"

"पूर्ण दिवस," बुर्गल म्हणाली.

कपडे बदलून ती काठावर आली तेव्हा तिने एकदाही वर पाहिलं नाही. माझ्या ते लक्षात आलं. एवढा काळ ज्या छतासाठी वळसे घातले त्याच्याकडे ती बघेना. फरशीकडे बघत होती. कुठे कुठे शेवाळाची कडा आलीय ते तिला दिसत असणार.

फेर्डल शिटी गळ्यात घालून उभा होता. केस आणखी पांढरे झालेले, छाती तशीच.

"अरे देवा," तो म्हणाला. "म्हणजे मी मेलो की काय?"

"अजून नाही. हे तिकीट." तिने ते त्याच्या नाकासमोर धरलं.

त्याने तिकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं, जणू खोटं असावं. "आणि समुद्रघोडा?"

"तोही. तुझ्याकडूनच."

"माझ्याकडे सवलत नसते, बुर्गल. पोरांना मी कधी फुकट दिला नाही."

"मी मागितली सवलत?"

रिंग आधी झाली. लहान तलावात फेर्डलने ती टाकली, बुर्गल खाली गेली, रिंग घेऊन वर आली आणि त्याच्या हातात दिली. मग आम्ही मोठ्या तलावाकडे आलो. दोरांनी आखलेल्या पट्ट्यांपैकी एक त्या वेळी रिकामी होती. टोकाला उडीचे कट्टे, त्यांच्यावर मोठे आकडे. ही पट्टी चार नंबरची. तलावाची लांबी पन्नास, तिला त्याच्या निम्मं जायचं होतं. निम्म्यावर फेर्डलने काठावर आपली चप्पल ठेवली.

"चपलेपर्यंत," तो म्हणाला. "दोर धरायचा नाही. तळाला पाय टेकायचा नाही, तसा तो टेकणारही नाही, खोल आहे. तयार?"

तिने उडी मारली. पाण्याचा आवाज झाला आणि ती दिसेनाशी झाली. मग डोकं वर आलं, ती पाठीवर वळली आणि निघाली.

पहिले काही हात बरे होते. मग तिने वर पाहिलं. रेघ धरायला. इल्कनूरने शिकवल्याप्रमाणे, मी बजावल्याप्रमाणे.

त्या छताला एकही सरळ रेघ नाही. ते डावीकडे उतरतं, पुढे उजवीकडे चढतं, शिवणी वळत वळत जातात. बुर्गलने एक शिवण धरली आणि शिवण जिकडे वळली तिकडे ती वळली. मला काठावरून ते दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. तिचे कान पाण्यात होते. ती मन लावून, बरोबर जोर लावून, तिरकी चालली होती. दोर तिच्या खांद्याला लागला. ती दचकली, तोंडात पाणी गेलं, आणि हाताने दोर धरला.

फेर्डलने शिटी वाजवली. गरज नव्हती.

पलीकडच्या पट्टीत रोज येणारा एक म्हातारा थांबला आणि चष्मा वर करून म्हणाला, "बाई, तुमची पट्टी ती. ही माझी."

"तुमची तुम्हाला राहू दे," ती खोकत म्हणाली.

काठाशी आल्यावर ती फेर्डलला म्हणाली, "धरला नाही. लागला."

"लागला. आणि मग धरलास."

तिने तोंड पुसलं. "हो. धरला."

"बुर्गल, तू पोहतेस," फेर्डल म्हणाला. तो या वेळी हळू बोलला, त्याला ते जमतं हे मला माहीत नव्हतं. "खरंच पोहतेस. त्या छोट्या तलावावर जा, तिथे सपाट आहे, एका दमात होईल. बिल्ल्यावर जागेचं नाव नसतं."

"तू किती वाजेपर्यंत आहेस?"

"दोनपर्यंत."

"मग आपल्याकडे वेळ आहे."

ती गरम बाकावर येऊन बसली, पंचा पांघरून. मी तिला कॉफी आणून दिली. मला राग आला होता, छताचा नाही, स्वतःचा. वर बघ, रेघ धर, असं दोन हिवाळे मी कानीकपाळी ओरडलो. त्या छताखाली मी आयुष्य काढलं, तिथे रेघ नाही हे मला सांगायला हवं होतं.

"डोळे मिटून जा," मी म्हणालो.

"डोळे मिटून तू काम केलंस कधी?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

आजचा दिवस तसाच सोडून ती उठली तर पुन्हा या दारातून आत यायची नाही, हे मला कळत होतं. समुद्रघोडा न घेता बाहेर पडणं तिने शब्द मोडल्यात धरलं असतं. पुन्हा तळ्याचा वळसा, पुन्हा टेकडीवरून नुसतं बघणं. तेवढ्यात समोरून फरशी पुसत एक बाई आली. बुर्गलच्या जागी घेतलेली, सेलाम, एरिट्रियाची. मागे मागे येत पुसत होती, रीत बरोबर होती. पण दर चार पावलांवर खाली आपल्या टाचांकडे बघत होती आणि पट्टा वाकत होता.

बुर्गलला ते सहन होणं शक्यच नव्हतं.

"वाकतोय," ती म्हणाली.

सेलामने वर पाहिलं. पंचा गुंडाळलेली ओली बाई. "काय म्हणालात?"

"पट्टा वाकतोय. मग मधे न पुसलेली जागा राहते आणि कोणीतरी घसरतं."

"तुम्ही कोण?"

"मी इथे होते. तुझ्या आधी."

"अच्छा, त्या तुम्ही!" सेलाम हसली. "तुमचं नाव रोज ऐकते. बुर्गल असती तर असं नसतं, बुर्गल असती तर तसं नसतं. वैताग आलाय मला तुमचा."

"मला पण आला असता," बुर्गल म्हणाली. "बघ, पायांकडे बघायचं नाही. मागेही बघायचं नाही. जिथून निघालीस तिथलं काहीतरी समोर धर. तो कट्टा धर. चार नंबरचा. त्याच्यावरची नजर काढायची नाही आणि मागे येत राहा—"

तिने स्वतःच त्या कट्ट्याकडे पाहिलं.

"मग?" सेलामने विचारलं. "कट्टा धरून पुढे काय?"

"पुढे काही नाही," बुर्गल म्हणाली. "सरळच येतेस."

तिने कॉफी तशीच खाली ठेवली, पंचा माझ्या मांडीवर टाकला आणि उठली.

"फेर्डल! चप्पल ठेव."

"आणखी थोडा दम खा की."

"ठेव म्हणते ना."

त्याने चप्पल ठेवली. तिने उडी मारली, वर आली, वळली. या वेळी मान थोडी उचललेली होती, हनुवटी छातीकडे. तिचे डोळे वर नव्हते. पायांच्या अंगठ्यांच्या वरून ती मागे बघत होती, जिथून निघाली त्या कट्ट्याकडे, त्याच्यावरच्या आकड्याकडे. सेलाम बादली बाजूला ठेवून काठाशी उभी राहिली. मीही उभा राहिलो.

मी तिला त्या हॉलमध्ये असं शेकडो वेळा जाताना पाहिलं होतं. तीच चाल. पाठ पुढे, नजर समोर, हात एकामागून एक, ना घाई ना विश्रांती. फक्त या वेळी खाली फरशी नव्हती. पाणी फार उडत नव्हतं. दोन्ही दोर तिच्यापासून सारखे लांब राहिले.

चप्पल आली. फेर्डल ओरडला, "पुरे! झालं!"

तिचे कान पाण्यात होते. ती जात राहिली.

"बुर्गल! झालं! थांब!"

तो काठाने तिच्या बरोबरीने चालायला लागला, एक पाय अनवाणी. हात हलवले. तिने पाहिलं नाही, तिची नजर चार नंबरवर होती. मग त्याने हात खाली घेतले आणि नुसता चालत राहिला. पलीकडच्या पट्टीतला म्हातारा थांबून बघत होता. शेवटी शेवटी तिचे हात जड झाले. मी ओळखतो तो जडपणा, पंप हवा ओढायला लागला की त्याचंही असंच होतं. मी काठाशी वाकलो. पण ती थांबली नाही आणि वेडीवाकडीही झाली नाही. तिचा हात पलीकडच्या भिंतीला लागला, आणि डोकंही, जरा जोरातच.

"आई गं," ती म्हणाली आणि भिंत धरली. मग आजूबाजूला पाहिलं. "हे कुठे आले मी?"

"पलीकडे," फेर्डल म्हणाला. "माझी चप्पल तिकडे राहिली."

"ओरडायचं नाही का?"

"मी ओरडलो नाही?" तो माझ्याकडे वळला. "कोरबी, सांग हिला. मी ओरडलो की नाही?"

"तुझा आवाज कमी झालाय आता, फेर्डल," मी म्हणालो.

सेलाम हसली. फेर्डल आपल्या खोलीत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात नारिंगी बिल्ला होता. तो गुडघ्यावर बसला, त्याचे गुडघेही कुरकुरले, आणि पाण्यातल्या बुर्गलसमोर त्याने बिल्ला धरला.

"हे घे. आणि एक सांगतो. पाण्याला विचारलं मी आत्ता."

"काय म्हणालं?"

"म्हणालं, ही बाई पहिल्यांदा घरी आली आणि आल्या आल्या डोक्याने भिंत ठोकली."

बुर्गलने बिल्ला ओल्या हातात घेतला, उलटा करून मागची बाजू पाहिली. "शिवणीच्या कडेला दोरे निघालेत," ती म्हणाली. "मला नीट शिवावा लागेल." तो तिने काठावर ठेवला, फरशीच्या कोरड्या भागावर.

मग एका हाताने भिंत धरून ती पाण्यावर आडवी झाली आणि आता रेघ न शोधता वर पाहिलं. बाहेर धुकं गेलेलं होतं. ऊन छताच्या काचेसारख्या तक्त्यांतून खाली येत होतं आणि पाण्यावरून परत वर जाऊन छताच्या पोटावर हलत होतं. मी पंचा उघडून उभा राहिलो. बराच वेळ. हात दुखायला लागले.

"चल, बुर्गल. गारठशील. घरी जाऊ."

"तू जा," ती वर बघत म्हणाली. "माझं तिकीट अजून संपलेलं नाही."